सेरेंगेटीचा अहवाल, महादेवीचा पत्ता

१७ जानेवारी २०१९, गुरुवार

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतो आहे. कारण गंभीर आहे. मला निळा रंग वर्ज्य करण्यात आला आहे.

पूर्व आफ्रिकेतल्या अभयारण्यांत जाणाऱ्या प्रवाशांसाठी पुण्याच्या सहल कंपनीने जी सूचनापत्रिका धाडली, तिचं सातवं कलम म्हणतं की गडद निळे आणि काळे कपडे घालू नयेत. त्सेत्से नावाची एक माशी त्या रंगांवर लुब्ध होते आणि कडकडून चावते. माझ्याकडे सहा सदरे आहेत. पाच निळे. सहावा धुऊन धुऊन काळा की राखाडी हे सांगता येत नाही. तो निर्णय आता माशीवर सोपवावा लागेल. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी कोणाच्या नजरेत भरावं असं काही केलं नाही, आणि आता भरणार तो एका आफ्रिकन माशीच्या. हा अन्याय कोणत्या खात्याकडे न्यावा तेही पत्रिकेत दिलेलं नाही.

महादेवी ज्वारी निवडत बसली होती. तिला हे सगळं साग्रसंगीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पांढरे घ्या दोन."

प्रश्न सुटला. तक्रारीची गोडी मात्र गेली. ही तिची जुनी खोड आहे.

पुढेमागे ही वही मलाच परकी वाटली तर उपयोगी पडावं म्हणून नोंदतो: मी कल्याणराव, वडवणीचा वार्ताहर. परळीच्या मठात सात वर्षं संस्कृत शिकलो. त्या विद्येचा उपयोग सध्या टँकरच्या फेऱ्यांच्या बातम्या लिहिण्यासाठी होतो. आमच्या दूध संघाचं संचालक मंडळ जुलैमध्ये केनिया आणि टांझानियाला अभ्यास दौऱ्यावर निघालं आहे. विषय, 'अवर्षणप्रवण प्रदेशातील पशुपालन'. दौरा सपत्नीक आहे. वृत्तान्त लिहायला कोणीतरी हवा म्हणून मलाही घेतलं आहे, अर्थात सपत्नीक. संघाविषयी मी काय लिहू नये याचाही त्यात विचार झाला असावा, पण त्या खोलात मी शिरत नाही.

अठ्ठावीस वर्षांत महादेवीला घेऊन मी श्रीशैलच्या पुढे गेलेलो नाही. एकदम सेरेंगेटी. मनातून मला फार बरं वाटतं आहे. तिला विचारलं नाही अजून. विचारायचं काय त्यात? सिंह बघायला नको कोण म्हणतं?

२२ जानेवारी, मंगळवार

संघाच्या कचेरीत दौऱ्याची बैठक. भिंतीवर नकाशा लावला होता. नैरोबी, अंबोसेली, गोरोंगोरो, सेरेंगेटी, मसाई मारा, असा मार्ग मी पट्टीने दाखवला. अध्यक्ष मोहनराव लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "समदं बरं हाय. वाघ कुटं दिसतो?"

"आफ्रिकेत वाघ नसतो, अध्यक्ष."

मोहनरावांनी नकाशाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कोणीतरी वाघ मुद्दाम काढून ठेवला आहे.

"मंग जायचं कावून?"

"बिबट्या हाय म्हनं," उपाध्यक्ष राधाकिशन म्हणाले.

"बिबट्या माझ्या उसात हाय बे! त्याला बघाया इमान कशाला?"

मग जीपचा विषय निघाला. तिथल्या जीपचं छप्पर वर उचलतं आणि उभं राहून जनावरं बघता येतात, असं मी सांगितलं. राधाकिशन म्हणाले, "आपल्याकडं केजच्या जीपला मानसं टपावर बसत्यात. त्यात नवीन काय?" त्यानंतर केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे हे समजताच ठेचा कशात न्यायचा यावर अर्धा तास चर्चा झाली आणि तिघांची उपसमिती नेमण्यात आली. पशुपालनाला वेळ उरला नाही.

घरी येऊन महादेवीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. "इहीर आटली," म्हणाली.

६ फेब्रुवारी, बुधवार

पारपत्रासाठी बीडला. दोघंही. महादेवीने हिरवं लुगडं काढलं होतं. एस्टीत खिडकीजवळ बसवलं.

कचेरीत गंमत झाली. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी हाताला येईल ती तारीख लिहिली. कारकुनाने महादेवीला नेहमीप्रमाणे विचारलं, "बाई, जन्म एक जूनचा ना?" हिने मान हलवून हो म्हणायचं, एवढंच काम. तर ही म्हणते, "ती मास्तरांनी लिवलेली. खरी पोळ्याच्या आदल्या दिवशीची. बैलं धुवाया नेलती, आन् इकडं मी झाले."

कारकून बावरला. खोटी तारीख आहे असं अर्जदारानेच सांगितल्यावर बिचारा करणार काय? मी पुढे झालो. म्हटलं, "साहेब, तारीख ठेवा, बैल सोडा." कारकून हसला, मागची रांग हसली. महादेवीही हसली असावी, पदर तोंडाला लावला होता. अर्ज झाला.

येताना ती सबंध वाट खिडकीतून बाहेर बघत होती. बघण्यासारखं काही नव्हतं. सगळी रानं पांढरी पडली आहेत.

११ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारच्या माझ्या विनोदी सदरात 'आमची सौ. आणि पारपत्र' छापून आलं. बैलांचा प्रसंग जसाच्या तसा. फक्त कारकुनाच्या तोंडी दोन वाक्यं मी वाढवली. सकाळपासून फोन. मोहनरावांना बोलता येईना इतकं हसू येत होतं. "वैनी म्हंजे इनोदाची खान हाय हो, खान!"

एकोणीस वर्षांत सौ.वर माझे दोनशेच्या वर लेख झाले. तालुक्यात मला न ओळखणारे तिला ओळखतात. ती स्वतः वाचत नाही. सातवीपर्यंत शिकली आहे, पण तिच्या लेखी पेपर हा डब्याच्या तळाशी घालायचा कागद.

२ मार्च, शनिवार

चारा संपला. पाणी टँकरचं, तेही माणसांपुरतं. दूध संघाने इथून आठ किलोमीटरवर माळावर चारा छावणी उघडली आहे. जनावरं तिथे बांधायची, चारापाणी तिथेच मिळतं, आणि प्रत्येक घरातल्या एकाने जनावरांपाशी मुक्काम करायचा.

आमच्या घरात माणसं दोन. मला बातम्या असतात. त्यामुळे महादेवीने जायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. ती ताडपत्रीची घडी घालायला लागली. दोन गाई, एक म्हैस, दोन गोधड्या, एक घागर घेऊन ती पायीच निघाली. टेम्पोत म्हैस बुजते म्हणाली. म्हशीचं नाव शेवंती.

कोपऱ्यापर्यंत मी गेलो होतो. "किती दिवस?" मी विचारलं.

"पाऊस येईस्तोर."

५ मार्च, मंगळवार

काल शिवरात्र. उपास केला. साबुदाणा सापडेना. अठ्ठावीस वर्षांत तो कुठल्या डब्यात असतो याची चौकशी करण्याचा प्रसंग आला नव्हता. फोन लावला. मागे बायकांचा गलका चालला होता.

"फळीवर. डावीकडनं तिसरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भिजत घालायचा असतो हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. केळी खाल्ली.

१४ मार्च, गुरुवार

आज पहिल्यांदाच छावणीवर गेलो. बारा दिवसांनी, हे लिहिताना लक्षात आलं. कामं होती.

माळावर जनावरांच्या रांगाच रांगा, वर हिरव्या जाळीची सावली. उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, ट्रक रिकामे होत होते. प्रत्येक जनावराच्या कानाला बारकोडचा बिल्ला. रोज यंत्राने वाचून त्याची हजेरी घेतात. रांगेतून चालताना पलीकडे कोणीतरी बाई खदखदून हसत होती. असं हसणं ऐकून कोणालाही थांबून बघावंसं वाटेल, म्हणून मीही वाकून बघितलं. ती महादेवी होती. आवाज मला ओळखू आला नव्हता. मला बघून ती थांबली आणि चहा ठेवायला उठली.

तिच्या शेजारी बीडसांगवीच्या छबुबाई असतात. चार म्हशींच्या मालकीण, जीभ धारदार.

"तुमीच व्हय ते पेपरवाले?"

"हो."

"वाचलं आमी. भाकरी बांधून आली त्या कागदात तुमची बायकू निघाली. माझ्या नातीनं मोठ्यानं वाचून दावलं समद्या रांगंला. मंग म्या म्हनलं, अगं ही तर आपली महादेवी!" त्यांनी तंबाखू थुंकली. "चार दिस तिला समदे पोळाबाई म्हनत व्हते. म्या बंद केलं. दोघींचे केस धरले तवा बंद झालं."

आपलं लिखाण माळावरच्या भाकरीपर्यंत पोचतं, हे समाधान लहान नाही. महादेवीला म्हटलं तसं. ती चहा गाळत होती.

"साखर कमी हाय," म्हणाली.

२७ मार्च, बुधवार

घरात काहीतरी विरळ होत चाललं आहे. मी बीडला गेलो की महादेवी येऊन काहीतरी घेऊन जाते. आधी तवा आणि परात. मग पाटा-वरवंटा. गेल्या आठवड्यात तिची पत्र्याची पेटी. आज शिवणयंत्रही गेलं. शेजारच्या बद्रीनाथने सांगितलं, छावणीच्या ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं, ती स्वतः दांडा धरून पाठीमागे उभी होती. छावणीतल्या बायका झंपर शिवून मागतात म्हणे.

मला तर ती भेटतच नाही. मी नसतो तेव्हाच नेमकी कशी येते, हे एक कोडं आहे. फोन करून येत जा म्हणावं.

आज सकाळी पूजेला विभूतीचा डबा नव्हता. छावणीत विभूती कशाला लागते? म्हशीला? हे लेखात चांगलं बसेल.

घर मात्र प्रशस्त वाटतं. चाललं की आवाज घुमतो.

३ एप्रिल, बुधवार

मोहनरावांनी बोलावलं. "कल्याणराव, दौऱ्याचा अहवाल लिवा."

"जुलैनंतर लिहितो ना."

"जुलैनंतर कुनाला येळ हाय? आल्यावर समद्यास्नी जुलाब आसत्यात. मागं इस्रायलला गेलतो तवा आदीच लिवून ठिवलता. नुसती तारीख टाकायची ऱ्हायली. आत्ता लिवा. मंजुरीला बी जोडता येतोय."

असा हा शिरस्ता आहे. पाहण्यापूर्वीच पाहून ठेवायचं. मला त्यात अडचण वाटली नाही. विनोदी लेखकाचा व्यवसाय वेगळा कुठे आहे? दुपारी बसून दहा पानं केली. 'दि. १६ जुलै रोजी आम्ही अंबोसेली येथे पोहोचलो. किलिमांजारो पर्वताचे दर्शन घडले. उपाध्यक्षांनी हत्तींच्या शिस्तीविषयी समाधान व्यक्त केले.' मोहनरावांना वाचून दाखवलं.

"माझं बी टाका की. शिव्हाच्या जवळ गेलतो आसं."

"किती जवळ?"

"ते तुमी ठरवा."

वीस फूट ठरवलं. एका ठिकाणी लिहिलं, 'सौ. महादेवी यांना जिराफाने विशेष आनंद दिला.' मग पेन खाली ठेवून बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसलो. जिराफ बघून ती कशी दिसेल हे डोळ्यासमोर येईना. मोहनराव सहज आले, सिंहासकट.

९ एप्रिल, मंगळवार

अहवालात 'स्थानिक तुलना' असं एक प्रकरण हवं, म्हणून छावणीवर गेलो. महादेवीच्या ताडपत्रीला आता तट्ट्याची भिंत आली आहे. आत चूल, शिवणयंत्र, पेटी. एका कोनाड्यात विभूती. कोणाच्याही स्वयंपाकघरासारखं नीटनेटकं. कोणाच्याही का म्हणतो आहे मी? आमच्याच.

ती शेवंतीच्या अंगावरून ओलं पोतं फिरवत होती. मी वही काढून बसलो. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून विचारलं.

"तितली जनावरं दुष्काळात काय करत्यात?"

मला फार आनंद झाला. सांगितलं: विल्डबीस्ट नावाचं जनावर असतं, आपल्या रोडक्या बैलासारखं. गवत संपलं की लाखांनी निघतात. शेकडो मैल. वाटेत नदी, तिच्यात मगरी.

"कुनी हाकतं?"

"कोणी नाही. आपली आपण निघतात."

"आन् परत?"

"पाऊस आला की पुन्हा जुन्या जागी."

"कावून?"

"म्हणजे?"

"नव्या जागी बरं वाटत आसंल तर परत कावून यायचं?"

सूचनापत्रिकेत याचं उत्तर नाही. मी पाठ केलेल्या माहितीतही नव्हतं. म्हटलं, सवय असेल. तिने पोतं पिळलं आणि दुसऱ्या बाजूला गेली.

घरी येऊन प्रकरणात लिहिलं: 'महिला पशुपालकांमध्ये वन्यजीवांच्या स्थलांतराविषयी उत्कट जिज्ञासा आढळून आली.' चांगला दिवस गेला. तिला आता सफरीत गोडी वाटू लागली आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार

निवडणूक उरकल्यावर पोलिसांना आमचे अर्ज आठवले. हवालदार धर्मराज घरी आला. पारपत्राआधी माणूस दिल्या पत्त्यावर राहतो का, हे घरी येऊन बघायचं असतं. माझं काम पाच मिनिटांत झालं. बद्रीनाथने साक्षीदाराची सही केली.

"वैनी कुटं हायत?"

"छावणीवर. म्हशीबरोबर."

"त्यांची सही लागंल. जातो तिकडून."

"जा. तीच चहा पाजेल. माझ्याकडे दूध नाही." म्हैस असलेल्या घरात दूध नाही, यावर तो मोकळेपणाने हसला.

जाता जाता त्याने घरात नजर फिरवली. फळी, चूल, रिकामी खुंटी. मग म्हणाला, "घर मोठं हाय तुमचं."

आज मुलीशीही बोलणं झालं. लातूरला असते. फोन मीच केला. पूर्वी रविवारी तिचा यायचा. आता तो आईच्या मोबाईलवर जातो. "आईला पारपत्र मिळालं की तुलाही एक जिराफ आणतो," म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, आईशी बोललात का तुम्ही?" म्हटलं, परवाच, विल्डबीस्टविषयी.

ती गप्प झाली. रेंज गेली असावी.

१७ मे, शुक्रवार

माझं पारपत्र आलं. फोटोत मी फरारी इसमासारखा दिसतो.

महादेवीचं आलं नाही. तिच्या नावाने पत्र आलं: पोलीस तपासणीत अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचं आढळून आलं, सबब अर्ज थांबवण्यात येत आहे.

शासनयंत्रणेच्या बुद्धीला नमस्कार! अठ्ठावीस वर्षं ज्या घरात तिने भाकरी भाजल्या, तिथे ती राहत नाही म्हणे. शेवंतीच्या कानात बिल्ला आहे, तिचा मुक्काम सरकारदरबारी रोज नोंदला जातो. आणि तिच्या मालकिणीचा पत्ता सापडत नाही. सोमवारच्या लेखाला विषय आयता मिळाला. शीर्षकही सुचलं. अर्धा लेख झालाच आहे. धर्मराजाने आळसाने घरबसल्या काहीतरी खरडलं असणार. उद्या छावणीवर जाऊन महादेवीकडून लेखी घेतो की ती इथेच राहते, आणि फेरतपासणीचा अर्ज लावतो. तीन दिवसांचं काम.

१८ मे, शनिवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

कागद तयार करून नेला होता. 'मी खाली सही करणार महादेवी भ्र. कल्याणराव लिहून देते की...' वगैरे. तिच्यापुढे ठेवला. पत्र वाचून दाखवायला लागलो, तर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. शेवटपर्यंत. भराभर.

"बरोबर हाय की," म्हणाली.

"काय बरोबर?"

"मीच सांगितलं. हवालदारानं इचारलं, बाई, तुमी कुटं ऱ्हाता? म्हनलं, इथं."

"अगं, पण हे तात्पुरतं ना!"

"त्यानं तात्पुरतं का कायमचं आसं इचारलं न्हाई. तुमी बी न्हाई इचारलं."

छबुबाई वाढ्यांची पेंढी सोडत होत्या. त्या उठून पलीकडच्या रांगेत गेल्या. त्या कुठून उठून जातील अशा बाई नव्हेत.

मी म्हटलं, "मग सफरीचं काय? सिंह, हत्ती..."

"मला शिव्ह बघायचाय, आसं मी कवा म्हनले?"

खरं आहे. म्हणाली नव्हती.

मग मला वाटलं, बैलाच्या लेखावरून राग असेल. म्हटलं, त्या लेखाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, लोकांना किती आवडला. आणि तू कधी वाचतेस माझं?

"मी पयल्यापासून वाचते," ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. "समदं वाचलंय. डब्याच्या तळाला घालायच्या आदी. तुमी एस्टीचं लिवलंतं, मी उलट्या गावच्या गाडीत चढले ते. दिवाळी अंकात बी आलतं."

आठवलं. तो माझा सर्वांत गाजलेला लेख. सौ. गेवराईची एस्टी सोडून माजलगावच्या एस्टीत चढते, आणि कंडक्टरशी वाद घालते की गाडीच चुकली आहे. आजही लोक त्यातली वाक्यं म्हणून दाखवतात.

"त्या दिशी माझी माय मेलती," ती म्हणाली. "गेवराईला तिलाच बघाया निघाले व्हते. मला पाटी दिसत नव्हती."

म्हशीने शेपूट झाडलं. महादेवीने कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. सही केली नव्हती.

"उन्हाचं जाऊ नका," म्हणाली. "पाच वाजता ट्रॅक्टर जातो."

मी पायी आलो.

१९ मे, रविवार

जुन्या लेखांच्या फायली काढल्या. तो लेख वाचला. तारीख आहे त्यावर. सासूबाई गेल्या त्याच्या बाराव्या दिवशी छापून आलेला. म्हणजे तेरवीच्या आधी मी तो लिहिला, संपादकांना पाठवला आणि पुरीभाजीच्या तयारीला लागलो. लेखात आईचा उल्लेख नाही. विनोदाच्या आड आला असता, म्हणून मीच काढला असणार.

लेख चांगला आहे. हेच वाईट आहे.

सोमवारचा अर्धवट झालेला मजकूर फाडला.

२४ मे, शुक्रवार

संपादकांचा फोन. "सौ. कुठे गेल्या? वाचक विचारताहेत." म्हटलं, वाचकांना सांगा, बाहेरगावी आहेत. सदर तूर्त थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या कशावर लिहा. दुसरं मला काही येत नाही, असं लक्षात आलं.

स्वयंपाक सध्या मीच करतो. भाकरी थापता येत नाही, तेव्हा भात. तोही एकट्यासाठी किती लावायचा याचा अंदाज येत नाही, रोज उरतो.

२८ मे, मंगळवार

मोहनराव घरी आले. तिकिटं पक्की करायची आहेत. महादेवीचं जमत नाही हे त्यांच्या कानावर होतं; का जमत नाही ते नव्हतं, निदान तसं दाखवलं त्यांनी.

"एकटे चला की. तितं बायकांचं काय काम हाय? नुसता मेकप."

"मला नाही जमणार, अध्यक्ष."

"आहो, अहवाल कोन लिवनार?"

"अहवाल झाला की. तुम्ही सिंहापासून वीस फुटांवर उभे आहात. मी असलो काय, नसलो काय."

ते हसले, मग माझ्याकडे नीट बघून थांबले. पायरीवर बसले. त्यांच्यासारखा माणूस आमच्या पायरीवर कधी बसलेला नाही. "कल्याणराव," म्हणाले, "वैनीला घिऊन या घरी. मी छावणीवर सांगतो, म्हशीकडं गडी बघल."

"नको. ती तिथे म्हशीसाठी नाही."

हे मी एवढं सरळ कसं बोललो कोण जाणे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली, आणि उठले. ते जाताना अहवालातलं जिराफाचं वाक्य मी खोडून दिलं. ते का, असं त्यांनी विचारलं नाही.

पाऊस झाला की छावणी उठेल. तट्टे निघतील, जाळ्या गुंडाळतील, सगळे आपापल्या गावाला जनावरं हाकत जातील. शेवंती वाट ओळखते. ती कोपऱ्यावर वळेल. महादेवी वळेल का, ते तिला विचारायला हवं. चार दिवस रोज निघतो आणि टँकर थांबतो तिथून परत येतो. काय म्हणून सुरुवात करू? आज दुपारभर तिला काय आवडतं ते आठवत बसलो. चहात साखर कमी की जास्त. कोणता रंग. कोणाशी बोलायला आवडतं. तिच्यावर दोनशे लेख लिहिलेल्या माणसाला एक गोष्ट खात्रीने लिहिता आली नाही.

दुष्काळाची मला काळजी नाही, तो दर दोन वर्षांनी येतो आणि जातो. ती परत येणार नाही, अशी मला भीती वाटते.